सातव्या गोळीचा रंग

एल्को, नेवाडा
२९ सप्टेंबर

प्रिय काटालिन,

काल तू फोन ठेवून दिलास. नंतर मी तीनदा लावला, कोणी उचलला नाही. म्हणून लिहायला बसले. शाळेत आमच्या नन्स सांगायच्या, रागावलेल्या माणसाशी बोलायला जाऊ नये, त्याला पत्र लिहावं, कारण पत्र वाचणाऱ्याला मधे तोडता येत नाही. तेव्हा ते पटलं होतं. आता वाटतं, तू हे न उघडताच चुलीत टाकू शकतेस. टाकू नकोस.

"आमा, दुआर्तेला तू बुडवलंस," असं तू म्हणालीस. तुझा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तेव्हा त्या आगीची तपासणी करणाऱ्या बाईला मी काय सांगितलं, ते आधी ऐक. मग काय ठरवायचं ते ठरव.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. गोड आवाजाची होती. मला वाटलं चर्चच्या जेवणासाठी कोणी वर्गणी मागतंय.

"मिसेस लाराल्दे, तुमच्या जावयाकडे ज्या क्लिपा सापडल्या, त्या तुमच्या घरून गेल्या का?"

"हो. माझ्या नवऱ्याच्या आहेत. लेक जुलैत आली होती, तिला रायफल दिली आणि त्याबरोबर पाच भरलेल्या क्लिपा दिल्या. आईनं लेकीला दिलेल्या गोळ्या तुमच्या कॅलिफोर्नियात चालतात ना?"

"चालतात, मॅडम. ट्रेसर सोडून, त्या पेटत जाणाऱ्या गोळ्या."

"आमच्याकडे त्या दुकानात पावासारख्या मिळतात."

"आमच्याकडे नुसती खिशात सापडली तरी गुन्हा आहे. तुमचे मिस्टर ट्रेसरवर काही खूण ठेवायचे का?"

त्या प्रश्नाचा मला राग आला, काटालिन. तुझ्या आइताला, माझ्या बेन्यातला, हलगर्जी ठरवायचा तिचा डाव आहे असं वाटलं. मी म्हणाले, "बाई, ट्रेसरचं टोक कारखान्यातूनच नारिंगी रंगवून येतं. तो रंग जरा खरवडला गेला की बेन्यात बाजारातून नारिंगी नेलपॉलिश आणून पुन्हा लावायचा. दुकानातल्या पोरी त्याला हसायच्या. त्यानं आयुष्यात एकही ट्रेसर बिनखुणेची ठेवली नाही."

"म्हणजे तुमच्या घरून निघाल्या तेव्हा टोकं नारिंगी होती," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. लिहून घेत असावी.

मी म्हणाले, "बेन्यात फार काळजी घेणारा माणूस होता."

"थँक यू, मॅडम."

एवढंच. यातला एक शब्द खोटा नाही. हवं तर पुन्हा वाच.

आता तू म्हणतेस, की यावरून त्यांनी गणित मांडलंय: सासूच्या घरून निघाल्या तेव्हा रंग होता, जावयाकडे सापडल्या तेव्हा नव्हता, आणि काडतुसाच्या तोंडाशी खाचेत नारिंगी कण राहिलेत, म्हणजे मधे कोणीतरी पुसला. आणि दुआर्ते आगीच्या बंबावरचा कॅप्टन, त्याला ट्रेसर म्हणजे काय हे ठाऊक, म्हणून त्यानंच कायद्यापासून लपवायला पुसला. नोव्हेंबरात खात्याची चौकशी आहे, तिथं हे ठरलं की नोकरी जाईल आणि मग खटला. मला कळलंय. मी बहिरी नाही.

त्याच्या तळहातांवर अजून पट्ट्या आहेत का? त्याला माझा आशीर्वाद सांग.

आणि फोनवर शेवटी तू जे विचारलंस ते पुन्हा विचारू नकोस. मला फोनवर नीट ऐकू येत नाही.

तुझी आमा

११ ऑक्टोबर

प्रिय काटालिन,

तुझं उत्तर नाही. मी दारातली पेटी दोनदा बघते, जणू पोस्टमन दुपारनंतर पुन्हा येणार आहे.

काल गानिश काका आला होता. तुझा काका आइताच्या मिस्साला चर्चमध्ये रडला नाही, पण परवा तुमची बातमी ऐकून रडायच्या बेतात होता. अर्थात रागानं.

"वहिनी, तोंड उघडू नकोस," खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "तो त्यांचा कायदा, त्यांच्याकडे राहू दे. सफरचंद घेऊन गेलं तरी हद्दीवर गाडी थांबवतात ती माणसं!"

"सफरचंदाला किडा असतो."

"किडा त्यांच्या डोक्यात आहे. तू इथं बसलीयस, नेवाडात. इथं तू काही केलेलं नाहीस. पण उद्या तोंड उघडलंस आणि त्यांच्या हद्दीत पाय ठेवलास, तर तुला आत टाकतील. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी! बेन्यातच्या बायकोला!" मग कपात बघत, "वहिनी, तू पुसलास का तो रंग?"

मी त्याला आणखी कॉफी ओतली. त्याचा कप भरलेलाच होता, बशीत सांडली.

तुला आठवतं, दोन वर्षांपूर्वीचा ईस्टर? आइता अजून बरा होता. कोकराचं मटण मी लसूण घालून भाजलं होतं आणि दुआर्तेनं पुन्हा वाढून घेतलं नाही, हे मला दिवसभर लागलं होतं. जेवताना आइतानं नेहमीसारखं सुरू केलं, की लष्करात शिकलेली सवय आहे, क्लिपमध्ये आठ गोळ्या, त्यातली सातवी ट्रेसर. लाल रेघ निघालेली दिसली की समजायचं, आता एकच उरली. कोकरं जन्मायच्या दिवसांत कायोटी कोल्ह्यांवर लक्ष ठेवताना गोळ्या मोजायचं भान कोणाला असतं?

दुआर्ते काटा खाली ठेवून म्हणाला, "आइता, कॅलिफोर्नियात या गोष्टीला बॉम्बच्या रांगेत बसवलंय. आमच्या घरी त्या आणू नका."

"म्हणजे डोंगर ओलांडला की माझी गोळी गुन्हेगार?"

"गोळी तीच राहते. गुन्हेगार तुम्ही होता."

"आणि परत इकडे आलो की?"

"परत सभ्य गृहस्थ."

आइता इतका हसला की त्याला ठसका लागला. तूही हसलीस. मग दुआर्तेनं हसू आवरून सांगितलं, "मी थट्टा करतोय, पण त्या खरंच नकोत. मी उन्हाळाभर लोकांची जळालेली घरं बघतो." मला वाटलं, सणाच्या दिवशी, म्हाताऱ्याच्या ताटासमोर, हे बोलायची काय गरज? लग्नाच्या दिवसापासून मला त्याचं हेच खटकत आलंय. बरोबर असतो आणि बोलून दाखवतो.

काटालिन, रंग मी पुसला.

लिहिलं. आता कारण ऐक. त्या पाच क्लिपा आइतानं आजारात भरल्या होत्या, या टेबलाशी बसून. अंगठ्यांत जोर नव्हता, एकेक क्लिप भरायला सकाळ जायची, आणि झाली की माझ्यापुढे सरकवायचा, "बघ ग्राशी, जमली." तू जुलैत आलीस तेव्हा दुआर्तेचा निरोप तुझ्याबरोबर होताच: रायफल आण, साध्या गोळ्या आण, नारिंगी टोकाच्या तिथंच ठेव. पण त्या क्लिपेतून एक गोळी काढायला गेलं की आठही सुटतात, आणि पुन्हा बसवायला आइताचे अंगठे लागले असते. मी क्लिप हातात धरून बसले होते. त्याच्या हातांनी बांधलेलं मला सोडवेना.

सण होता, तुम्ही सगळे चौकात नाचायला गेला होता. ढोलाचा आवाज इथपर्यंत येत होता. मी नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापूस घेतला, आणि टोकं बाहेरच असतात, ती पुसली. पाच टोकं. खालचं तांबं इतर गोळ्यांसारखंच दिसायला लागलं. मला वाटलं, रंग तेवढा बेकायदा आहे. रंग गेला की ती साधी गोळी.

म्हातारीची चूक आहे. अशी चूक कोणाकडूनही झाली असती. दुआर्तेला सांग, मला वाटलं होतं रंगच आहे तो.

तुझी आमा

१९ ऑक्टोबर

प्रिय काटालिन,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "आमा, त्या संध्याकाळचा फोन आठव."

मी ते कार्ड उशीखाली ठेवलं, मग तिथून काढून कपाटात ठेवलं, मग स्वयंपाकघरात. कुठंही ठेवलं तरी तिकडे पाठ करून बसते.

ठीक आहे. आठवते.

चौदा सप्टेंबर, आइताला जाऊन वर्ष झालं तो दिवस. सकाळी इथं मिस्सा झाली. तिकडे तुम्ही ठरवलं होतं, की दुआर्ते गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आइताच्या रायफलीतून त्याची एक क्लिप उडवेल. ही कल्पना माझी होती. तुला वाटतं तुमची होती, पण मी जुलैत दोनदा सुचवली होती, एकदा तुझ्याजवळ, एकदा फोनवर त्याच्याजवळ. तो म्हणाला होता, "आवडेल मला, आमा." खरंच आवडलं होतं त्याला. आवाजात कळलं.

त्या संध्याकाळी फोन वाजला. तुझा नंबर बघितला आणि तू काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मग? दिसला का आइता? कसा झाला दुआर्तेचा चेहरा?"

तू म्हणालीस, "काय दिसला का, आमा?"

आणि मी म्हणाले, "काही नाही. काही नाही. बोल."

मग तू सांगितलंस. सहा साध्या गेल्या, सातवी लाल रेघ ओढत बांधाच्या दगडावर आपटून उसळली आणि मागच्या वाळलेल्या टेकडीत शिरली, गवत पेटलं. दुआर्ते कोट काढून धावला. टेकडीपलीकडच्या म्हाताऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या धुरात गेल्या, निम्म्या जळाल्या. बंब आला तो दुआर्तेच्याच ठाण्यातला. त्याच्या हाताखालची माणसं उतरली आणि समोर त्यांचा कॅप्टन, हात भाजलेला, बाजूला सासऱ्याची रायफल. तू म्हणालीस, "आमा, ते त्याच्याकडे बघत नव्हते." मी फोन धरून "अगं बाई, अगं बाई" करत राहिले. तुला तेव्हाच कळलं होतं ना? आणि तरी तू इतके दिवस वाट बघितलीस, मी स्वतःहून म्हणते का ते.

गेल्या पत्रात मी लिहिलं की मला वाटलं रंगच बेकायदा आहे. मेंढपाळाच्या बायकोला असं वाटेल का? चाळीस वसंत मी तंबूच्या दारातून ती लाल रेघ बघितली आहे. गोळीच्या बुडाशी भरलेलं जळतं, रंगाचा त्याच्याशी संबंध नाही, हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक. जमिनीवर बर्फ असल्याशिवाय आइतानं ती क्लिप कधी रायफलीत घातली नाही, हेही ठाऊक. एकदा मे महिन्यात कायोटी कोकरू ओढत होता, आइताच्या खिशात तेवढीच क्लिप होती, मी ओरडले, "मार ना!" तर तो म्हणाला, "गवत वाळलंय, ग्राशी," आणि बंदूक खाली ठेवून दगड घेऊन धावला. कोकरू गेलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तरी मी पुसलं, आणि जाणून पुसलं. क्लिपा सुट्या करवेनात हे खरं आहे. पण ते खरं मी पुढे धरलं, दुसरं त्याच्या मागे लपवायला.

मला दुआर्तेची गंमत करायची होती. त्याच्या नाकाखालून, त्याच्या कायद्याच्या आत, आइताची सातवी लाल गोळी त्याच्याच हातून सुटावी, आणि तो तोंड उघडं ठेवून उभा राहावा. मी ते चित्र इतक्यांदा बघितलं होतं! त्याला एकदा तरी शब्द सुचू नये. आणि आइता कुठूनतरी हसत असावा. पुसताना मी हसत होते, काटालिन. तिकडे ढोल वाजत होता आणि मी टेबलाशी बसून एकटी हसत होते. मग बाटलीचा वास जाईना म्हणून खिडकी उघडली, आणि शेजारची बाई म्हणाली, "ग्राशी, आज खुशीत?" मी म्हणाले, "सण आहे ना."

सप्टेंबरात तुमच्याकडे गवत वाळलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मी त्याचा विचार केला नाही. गमतीच्या मधे आलं असतं म्हणून केला नाही.

आणि त्या बाईला जे सांगितलं, त्याबद्दल. खोटा शब्द न बोलता खोटं कसं सांगावं, हे मी नन्सच्या शाळेतच शिकले. नन्सनी शिकवलं नाही, आम्ही मुलींनी एकमेकींना शिकवलं. "सिस्टर, मी सफरचंद उचललं नाही," कारण मैत्रिणीनं उचललेलं असायचं आणि मी खाल्लेलं. त्या बाईनं "टोकं नारिंगी होती" असं म्हटलं तेव्हा मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी आइताची स्तुती केली. मेलेल्या माणसाच्या मागे लपले आणि फोन ठेवताना मला वाटलं, छान निभावलं.

गानिशनं गावातल्या वकिलाला विचारलं. तो म्हणतो, बाईंनी गप्प बसावं आणि मुलीला पत्रंही लिहू नयेत, पत्रं पुरावा होतात. होऊ देत. पण पत्रात माणूस वाक्य खोडून पुन्हा लिहितो. मी आत्तापर्यंत सगळी वाक्यं तशीच लिहिली. हे तोंडानंच सांगायला हवं, त्याच्यासमोर.

तुझी आमा

३ नोव्हेंबर

काटालिन,

घाईत लिहिते. परवाच्या चौकशीला मी येते आहे. उद्या सकाळच्या बसनं निघेन, हे पत्र माझ्यानंतर पोचेल, तरी लिहिते, कारण रात्री मन फिरलं तर टपालात पडलेला कागद तरी मला मागं फिरू देणार नाही.

त्या बाईला मीच फोन केला. "मागच्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली," म्हणाले, आणि लगेच सुधारलं, "राहिली नाही. ठेवली." मी सगळं सांगितलं, तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, हे सांगितल्यावर सरकारी वकील तुमच्यावरही कारवाई करू शकतात, हे मला तुम्हाला सांगायलाच हवं." मी म्हणाले, "बरं." माझा आवाज किती बारीक आला ते तुला सांगत नाही.

फादरकडे कबुलीला गेले होते. सगळं सांगितलं. त्यांनी पापमुक्ती दिली, मग जाळीपलीकडून म्हणाले, "ग्राशी, देवाकडचं मी बघतो. तुमच्या जावयाची नोकरी माझ्या हातात नाही." मी म्हणाले, "माहीत आहे, फादर." "मग इथं का बसून राहिलात?" म्हणाले. खरंच मी उठत नव्हते. तिथं अंधारात बरं वाटत होतं.

गानिश म्हणतो तो मला बसवर सोडणार नाही. "माझ्या गाडीतून तुला तुरुंगात नेऊ? बेन्यात वर काय म्हणेल?" मी म्हणाले, "बेन्यात म्हणेल गवत वाळलं होतं." तो ऐकून निघून गेला. मग रात्री फोन केला, किती वाजता यायचं म्हणून.

मी भिते, काटालिन. तुरुंगाला नाही तेवढी त्या खोलीला. तिथं त्याच्या ठाण्याची माणसं असतील. त्यांच्यासमोर "का पुसलंत?" असं कोणी विचारलं तर काय सांगू? म्हातारपण, विसराळूपणा, अडाणीपणा, तीन चांगली उत्तरं आहेत. तिन्ही त्याला वाचवतील आणि मलाही. रस्ताभर ती तोंडात येणार आहेत.

आमा

२ डिसेंबर

प्रिय काटालिन,

घरी येऊन तीन आठवडे झाले. तू रविवारी फोन करतेस, आपण हवापाण्याचं बोलतो, बर्फ पडलं का, माझा गुडघा कसा आहे. ते मला पुरतं, पण तुला सगळं दिसलं नाही, म्हणून हे एक.

खोलीतलं तू बघितलंस. मागच्या रांगेत होतीस, मी वळून बघितलं नाही तरी खोकला ओळखला. मी सांगितलं: टोकं मी पुसली, दुआर्तेकडे गेली तेव्हा ती साधी दिसत होती, त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. तिथंच थांबले असते तर चाललं असतं. लांब टेबलामागचा तो टकला गृहस्थ खुर्ची मागे सरकवतच होता. मग त्यानं सहज विचारलं, "पण का, मॅडम?"

ती तीन उत्तरं रांगेत उभी होती. मी म्हणाले, "गंमत म्हणून. आमचा जावई नेहमी बरोबर असतो. मला एकदा त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता."

ठाण्यातला एक तरुण फस्सकन हसला आणि लगेच खाली बघायला लागला. बाकी कोणी नाही. गंमत किती छोटी होती, ते मला तेव्हा ऐकू आलं. टकल्यानं लिहून घेतलं. दुआर्ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. नवी कातडी आलीय, गुलाबी, लहान मुलासारखी.

त्याची कॅप्टनकी राहिली याचा आनंद आहे. सहा महिने त्याला लोकांसमोर आगीपासून सुरक्षिततेचे धडे द्यायला पाठवणार आहेत, हे तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. प्रत्येक शाळेत कोणीतरी विचारणारच, सर, ती टेकडी तुम्हीच पेटवलीत ना? मधमाश्यांच्या म्हाताऱ्याला मी पत्र लिहिलंय. त्यानं उत्तरात एवढंच कळवलं की उरलेल्या माश्या थंडी काढतील असं वाटतं.

आता न दिसलेलं. बाहेर पडल्यावर तू म्हणालीस, "आमा, आज बस नाही. घरी चल." घरी पोचलो. तू दिवे लावायला आत गेलीस. दुआर्ते त्याच्या गाडीनं आधीच आला होता, दारात उभा होता. मी पायरीवर. माझी कापडी पिशवी हातात.

"आमा," तो म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"पिशवी उघडून दाखवाल?"

समोरच्या घरातली बाई झाडांना पाणी घालत होती. तिनं नळी बंद केली. मी पिशवी खाली ठेवली आणि चेन ओढली. तो उकिडवा बसला. घाईनं चाळली असती तर मला बरं वाटलं असतं, पण त्यानं एकेक वस्तू नीट काढून पायरीवर ठेवली. सपाता. शाल. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी, ती त्यानं उघडून बघितली. जपमाळेची पिशवी, तीही. तुझ्यासाठी आणलेलं मेंढीचं चीज कापडात होतं, ते त्यानं कापड सोडून बघितलं आणि पुन्हा तसंच बांधलं, गाठ माझ्यासारखी मारता येईना म्हणून दोनदा. त्याची बोटं नीट वळत नव्हती. मी मदत करायला हात पुढे केला, मग मागे घेतला.

तो एकही शब्द बोलला नाही. टोमणा नाही, कायदा नाही. मी वाट बघत होते, त्यानं काहीतरी बरोबर असं बोलावं म्हणून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ते ऐकायचं होतं.

सगळं परत भरून त्यानं चेन लावली, उठला, आणि पिशवी स्वतः उचलून आत नेली. मी पायरीवरच होते. आतून त्याचा आवाज आला, "काटालिन, आमा बाहेर थंडीत उभ्या आहेत."

तू धावत आलीस आणि म्हणालीस, "अगं, इथं काय करतेयस?" मी म्हणाले, "काही नाही." तेही खरं नव्हतं, म्हणून हे लिहिलं.

त्याला यावरून काही बोलू नकोस. त्यानं तुला सांगितलं नसेल, आणि सांगणारही नाही.

सरकारी वकिलानं मला जानेवारीत बोलावलंय. तेव्हा तुमच्याकडेच उतरेन, जर चालणार असेल तर. त्या दिवशी दारात तो असेल. त्यानं विचारायची वेळ येऊ नये म्हणून मीच खाली बसून पिशवी उघडीन, एकेक वस्तू काढून दाखवीन. वेळ लागेल, गुडघ्यामुळे. तू तेव्हा मला हाताला धरून आत ओढू नकोस. त्याचं बघून होईपर्यंत थांब.

तुझी
आमा